मुक्या सिनेमाचा साउंडवाला

रामनगरात माझं साउंडचं दुकान आहे. लग्न, जत्रा, नाटक, कुठंही बॉक्स लावतो. पण ज्या सिनेमाला आवाजच नाही त्याला साउंड लावणारा आख्ख्या जोयडा तालुक्यात मी एकटाच असेन.

नंदिगड्ड्याच्या पलीकडल्या एका गावात, शाळेत, बेळगावचे एक निवृत्त प्राध्यापक जुना विलायती सिनेमा दाखवणार होते. बोलपट नुकते येऊ लागले त्या काळातला मूकपट. मला म्हणाले, "साउंड कशाला? यात कुणी बोलत नाही." मी निघालोच होतो. पण गावकर, म्हणजे देवीला गाऱ्हाणं घालणारे, सगळ्या गावासाठी मागणं मागणारे तिथले म्होरके, म्हणाले, "कार्यक्रम म्हटला की साउंड पायजे." त्या देवीच्या जत्रेचं साउंड माझ्या बापापासून आमच्याकडं. त्यांना नाही कोण म्हणणार? लावले चार बॉक्स, प्राध्यापकांच्या प्रोजेक्टरला जोडून.

भर दुपारी खिडक्यांना कांबळी बांधून सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एक बाई नवऱ्याला तावातावानं काहीतरी सांगत होती. तोंड हलतंय, आवाज नाही. सगळी माणसं मागं वळून माझ्याकडं बघायला लागली.

"वायर बघ की रे," एक म्हातारी म्हणाली.

प्राध्यापकांनी उठून नीट समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गावकर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भला माणूस हाय. तुझी अब्रू झाकतोय."

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, सिनेमा मुका आहे, मशीन नाही.

"व्हय, व्हय. पण जत्रेला खानापूरचा साउंडवाला सांगू काय? देवीचं गाऱ्हाणं मुकं जाऊन चालायचं न्हाई."

बापानं जन्मभर सांभाळलेलं काम माझ्या हातून जाणार? मी तिथंच उभा राहून देवीची आण घेतली, या सिनेमात आवाज नाही म्हणून. आमच्याकडं ती थट्टा नव्हे. सगळे पुन्हा पडद्याकडं वळले. पुढचा तासभर कसा सुखाचा गेला.

शेवटाकडं नवऱ्यानं दार उघडलं आणि चारी बॉक्समधनं खणखणीत इंग्रजी बोलायला लागला.

प्राध्यापक खुर्चीतनं उडालेच. त्या काळात म्हणे, सिनेमा मुका काढून होत आला की आवाजाचं यंत्र यायचं, मग शेवटाला घाईनं बोलणं चिकटवायचे. हे आता सांगून काय उपयोग? लोक टाळ्या वाजवत होते, माझ्यासाठी. केलं बघा दुरुस्त, म्हणत होते.

गावकरांनी पाठीवर हात ठेवला. "जत्रेचं साउंड तुझंच. पण देवीची खोटी आण घेतलीस. पेट्या देवळात येतील, तू न्हाई."

मी काही दुरुस्त केलं नाही, हे सांगून घसा सुकला. ते म्हणाले, "आमी डोळ्यांनी बघितलं की."

तर यंदा जत्रेला बॉक्स देवळात आणि मी मशीन घेऊन देवळाभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर, फणसाखाली. गावकरांनी माईक हातात घेतला. भातासाठी मागितलं, गुरांसाठी मागितलं, गोव्यात कामाला गेलेल्या पोरांसाठी मागितलं. मग म्हणाले, "आणि भायेर बसलेला साउंडवाला तुझ्या नावानं खोटं बोललाय. त्याला पदरात घे, आई. लेकरूच हाय."

माझ्याच बॉक्समधनं ते पार ओढ्यापलीकडं गेलं. लाजेनं कान तापले, आणि लेकरू म्हणाले म्हणून डोळेही भरले. हात बटणाकडं गेला, पण आवाज कमी केला असता तर मशीन बिघडलं म्हणाले असते. दर मागण्याला म्हणतात तसं आतून सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा."

सवयीनं मीही म्हणालो.