थ्रॅपवूडांची शेवटची पाटी

सायलस ट्रेंथमने जन्मभर पाट्या रंगवल्या. खाटकाच्या, गुत्त्याच्या आणि मेलेल्या लॉर्डांच्या. थ्रॅपवूड घराण्याचा लॉर्ड गेला की पतंगासारखी टोकावर उभी केलेली चौकोनी काळी पाटी आधी हवेलीच्या दारावर लागे, वर्षभराने चर्चमध्ये जाई. तिच्यावर ढाल, ढालीवर मुकुट आणि सगळ्यांत वर घराण्याची खूण, पाणमांजर. थोरल्या लॉर्डांच्या पाटीवर रंगारी बापाने सायलसला फक्त पाणमांजराच्या मिशा काढू दिल्या होत्या. त्या मिशांच्या बढाया तो म्हातारपणीही गुत्त्यात मारी.

काय दिवस होते ते! त्यांचे चिरंजीव, धाकटे लॉर्ड, वयात आले तेव्हा कुरणात अख्खा बैल भाजला होता, श्रॉपशर परगण्यातले सगळे फुकटे जमले होते. पुढे तेच लॉर्ड सायलसशेजारी नदीत गळ टाकून बसत. मासा कुणालाच लागत नसे, आणि दोघांनाही त्याचं सुखदुःख नसे.

आता ते गेले. मागे एकटी लेक, हेस्टर. किताब मुलाला मिळायचा, मुलगा नसेल तर पुतण्याला. इथे दोन्ही नव्हते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला किताब बुडाला. आणि वंश बुडाला की पाणमांजराच्या जागी कवटी काढायची, अशी रीत.

सायलसने बाकी सगळं रंगवलं, वरची जागा कोरी ठेवली. पाद्रीबाबांचे निरोपावर निरोप आले, तेव्हा हात दुखतो म्हणून सांगितलं. हात चांगला ठणठणीत होता. जी पोर त्याच्या शेडमध्ये फ्रॉक रंगवून घेऊन दाईची बोलणी खायची, तिच्याच दारावर ‘मागे कुणी उरलं नाही’ असं रंगवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

शेवटी हेस्टरच शेडमध्ये आली. अंगात काळे कपडे, पायांत बापाचे बूट.

“ट्रेंथम, दार भुंडं दिसतंय हो.”

“मला नाही जमायचं, ताईसाहेब. तुम्ही आहात ना अजून.”

“मी आहे. पण मला वंशात धरतंय कोण?”

ती हे अगदी सहज बोलली. तिने कुंचला उचलला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि वाकून स्वतःच कवटी काढायला लागली. जबडा निमुळता होत चालला होता.

सायलसने टोपी काढली. गावात ‘सरकार’ फक्त लॉर्डांना म्हणत. बाईमाणसाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

“जबडा जरा रुंद घ्या, सरकार,” तो म्हणाला.

तिचा हात थांबला. मग तिने जबडा रुंद घेतला.