साहेब लाईव्ह येणार हायत!

ज्या ऑफिसात दिवसभर बोलायचंच काम असतं, तिथं किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. कपाटामागं धूळ साठावी तसे साठत जातात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी कपाट सरकवतं आणि सगळेच शिंकायला लागतात! परवा कसबा बावड्यात चहाच्या गाड्यावर आम्ही चौघं बऱ्याच दिवसांनी भेटलो आणि नेमकं तेच झालं.

चौघं म्हणजे मी, साहेबांच्या पत्रकांचा मजकूर लिहिणारा. कांबळे सर, शाळेतून रिटायर झालेले मराठीचे शिक्षक, माझा मजकूर तपासायचे. सलमा फोन घ्यायची. आणि पांडूमामा रिक्षावर कर्णा लावून गावभर फिरायचे. साहेब म्हणजे राज्याचे मोठे नेते. ते मुंबईतून बोलणार आणि आम्ही ते जिल्ह्यात पोचवणार, एवढंच काम. एवढंच म्हणतोय खरं, पण कोरोनात लागलेली एक खोड अजून सुटलेली नाही. फोन वाजला की मी बसल्या जागेवरून उठतो. शेजारच्याचा वाजला तरी!

*

लॉकडाऊनमध्ये साहेब दुपारी एक वाजता लाईव्ह यायचे. पण आमचे फोन अकरालाच सुरू. "आज वाढवणार काय ओ?" आम्हाला काय माहीत! आम्हीही इतरांसारखे मोबाईल समोर धरून बसायचो.

एकदा साहेब चांगली चाळीस मिनिटं बोलले. संयम, जिद्द, महाराष्ट्राची परंपरा, सगळं झालं. संपलं न संपलं तोच कबनूरहून एका यंत्रमागवाल्या काकांचा फोन.

"ताई, माग चालू करू का बंदच ठेवू? तेवढं सांगा."

सलमानं माझ्याकडं बघितलं. मी कांबळे सरांकडं बघितलं. सरांनी टिपणं काढली होती, ती उलटसुलट चाळली आणि मान हलवली.

"काका, त्यावर काय बोललंच न्हाईत," सलमानं सांगितलं.



"मग चाळीस मिन्टं कोण बोलत हुतं?"

*

पांडूमामांच्या रिक्षावर साहेबांचा रेकॉर्ड केलेला आवाज लावलेला असायचा. सुरुवातच अशी, "माझ्या बांधवांनो, घाबरू नका!"

चौथ्या दिवशी मामा तणतणत ऑफिसात आले. "हे बदला पयलं! कर्ण्यातनं 'घाबरू नका' आलं की गल्लीतली दारं धडाधड बंद हुत्यात. बायका पोरास्नी उचलून आत पळत्यात!"

खरंच होतं. रिक्षा आली म्हणजे गल्लीत पेशंट सापडला, असंच लोकांना वाटायचं. कांबळे सरांनी मजकुराची सुरुवात बदलली. "उद्या सकाळी आठला भाजीची गाडी येणार आहे." त्याच्यामागं साहेब.

संध्याकाळी मामा खूश होऊन परत आले. "झ्याक! सगळी दारात उभी ऱ्हाऊन ऐकत हुती."

"साहेबांचं ऐकलं का मग?"

"न्हाय. भाजी कुठली कुठली येणार, ते इचारत हुती."

*

कांबळे सरांचा किस्सा सांगताना सर स्वतः कधी हसत नाहीत. मुंबईहून पत्रक आलं होतं, जसंच्या तसं छापायचं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'सामाजिक अंतर पाळा'.

सरांनी लाल पेन काढलं आणि अख्खी ओळ खोडली. वर लिहिलं, 'दोन हात लांब उभे राहा'.

मी म्हणालो, "सर, वरनं आलंय. बदलता येणार नाही."

"आमच्या वस्तीत हे पत्रक वाटायला मीच जाणार आहे," सर म्हणाले. "माझ्या आज्यानं पाळलं, बापानं सोडलं. मी परत पाळा म्हणून कसं सांगू?"

मी मुंबईला फोन लावला. तिकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, मग जरा चिडून म्हणाला, "अहो, शब्द वरून ठरलाय."

सरांनी माझ्या हातातला फोन घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"तो नेहमी वरूनच ठरलाय."

*

दुसऱ्या लाटेत साहेबांनी ठरवलं, रोज चार-पाच पेशंटच्या घरी आपण स्वतः फोन करायचा. नंबर सलमा द्यायची, लाईनही तीच जोडून द्यायची.

शिरोळच्या बाजूच्या एका बाईंचा नवरा घरीच झोपून होता. ऑक्सिजन उतरत चाललेला.

"नमस्कार, मी बोलतोय," असं म्हणत साहेबांनी नाव सांगितलं.

"व्हय व्हय, आन् मी दिल्लीची राणी!" बाईंनी फोन आपटला.

साहेबांनी परत लावायला सांगितलं. या वेळी बाईंना आवाज ओळखू आला.

"खरंच तुमी हाय तर आमच्या मालकास्नी खाट मिळवून द्या."

"ताई, मी प्रयत्न करतो."

"आदीच्या चौघांनीबी हेच सांगितलंय. तुमी पाचवं."

त्यानंतरचे तीन तास आम्ही ऑफिसात कुणी बसलो नाही. सलमा एका फोनवर, मी दुसऱ्या, सर तिसऱ्या. पांडूमामा रिक्षा घेऊन दवाखान्यांच्या दारात. सातव्या दवाखान्यात खाट मिळाली. माणूस वाचला. त्याच आठवड्यात ज्यांना मिळाली नाही, त्यांची नावं आम्ही चहाच्या गाड्यावर काढत नाही.

दुसऱ्या दिवशी लाईव्हमध्ये साहेब म्हणाले, "काल एका भगिनीशी बोललो. माझा आवाज ऐकून तिला अश्रू आवरले नाहीत!"

सलमा ताडकन उठली. "मी लायनीवर हुतो की! ती कुठं रडली? भांडत हुती ती!"

*

मग काही वर्षांनी निवडणूक आली. तेच ऑफिस, तेच फोन, पण आता मुंबईहून एक कन्सल्टंट आला. मांडीवर लॅपटॉप, कानात कायम काहीतरी घातलेलं. त्यानं पहिल्याच मीटिंगला सांगितलं, "कोविडचा उल्लेख नको. लोकांना निगेटिव्ह आवडत नाही. आपलं कॅम्पेन एकदम पॉझिटिव्ह पाहिजे."

पांडूमामा खुर्ची मागं सरकवून उभेच राहिले.

"पॉझिटिव्ह? परत?"

*

त्याच कन्सल्टंटनं घरोघर साहेबांचे रेकॉर्डेड कॉल सुरू केले. "नमस्कार! मी आपला साहेब. कसे आहात?" मग दोन सेकंद गॅप. ऐकणाऱ्याला वाटावं साहेब खरंच विचारतायत, म्हणून मुद्दाम ठेवलेली. आणि पुढं प्रचार.

एका सकाळी ऑफिसात एका आजींचा फोन आला. प्रचंड रागावलेल्या.

"तुमच्या सायबाला काय वळण हाय का न्हाय? कसे आहात म्हनून इचारलं. मी म्हटलं गुडघं दुकत्यात, सून बघत न्हाय. तर मी बोलतोय तवर मधीच आपलं चालू! आन् फोन ठिवला!"

सलमानं त्यांना समजावलं, की आजी, ते यंत्र असतंय, त्याला ऐकू येत न्हाय.

"यंत्राला न्हाय येत ते म्हाईत हाय मला," आजी म्हणाल्या. "सायबाला येतंय काय, ते सांग!"

*

आता शेवटचा. हा आम्ही कुणी सांगत नाही. परवा सलमा दुसरा चहा सांगायला उठली, तेव्हा सरांनी हळूच काढला.

प्रचार संपायला दोन दिवस राहिले होते. सभेहून परतताना साहेब आमच्या ऑफिसात आले. शेवटचा व्हिडिओ संदेश करायचा होता. कन्सल्टंट पुढच्या गावी गेलेला, म्हणून सलमानं मोबाईल धरला. मजकूर मी लिहिलेला होता. त्यात एक वाक्य होतं, 'त्या काळात आम्ही एकाही माणसाला एकटं पडू दिलं नाही.' लिहिताना माझा हात अडखळला नव्हता, हे मला मान्य करायला पाहिजे.

सलमाचे अब्बा दुसऱ्या लाटेत गेले. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. शेवटचे पाच दिवस तिनं त्यांना बघितलं नाही, आवाजही ऐकला नाही. ते गेल्यावर चौथ्या दिवशी ती परत कामावर आली आणि फोन घ्यायला लागली. साहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी संदेश वाचला. छान वाचला.

"परत घ्यायला लागंल साहेब," सलमा म्हणाली. "आवाज आला न्हाय."

साहेबांनी परत वाचला.

"न्हाय आला."

तिसऱ्यांदा वाचला. चौथ्यांदा वाचला. बाहेर गाड्या सुरू करून ठेवलेल्या. पीए घड्याळ दाखवत होता. मी पुढं होऊन मोबाईल बघायला गेलो, तर कांबळे सरांनी माझा दंड धरला.

पाचव्यांदा साहेब त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. कागदावरून नजर उचलली आणि पहिल्यांदाच मोबाईल धरणाऱ्या पोरीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागद खाली घेतला.

"जी माणसं एकटी गेली," ते म्हणाले, "त्यांच्या घरच्यांना मी..."

वाक्य तिथंच राहिलं.

"आला आवाज," सलमा म्हणाली आणि बटण दाबलं.

साहेब कागद टेबलावर ठेवून गाडीत जाऊन बसले. सलमानं क्लिप पाठवली आणि अर्ध्या तासात कन्सल्टंटचा फोन आला. सलमानं स्पीकरवर टाकला.

"अहो, ही क्लिप मधेच तुटलीये! चार टेक आधी झाले म्हणे. त्यातला एखादा पाठवा ना!"

"न्हाईत," सलमा म्हणाली. "एवढं एकच बोलले."