बुधवारची सेवा

गेल्या उपवासकाळात मी सेवा करायचं ठरवलं. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर प्रवचनात म्हणाले होते, नुसतं मटण-मासे सोडून भागत नाही, आपला वेळही कुणाला तरी द्या. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी चर्चबाहेर टेबलावर ठेवली होती. मी त्यातलं सगळ्यात जवळचं घर निवडलं. बोरिवलीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून.

तिथे एक आंटी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या मढच्या, उमेदीची वर्षं इस्पितळात आयाचं काम केलेलं. गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती. सून कामावरून संध्याकाळी यायची. मला बुधवारची सुट्टी, म्हणून दर बुधवारी दुपारी अडीचला मी बेल वाजवायचो. त्या वॉकर घेऊन हळूहळू दार उघडायला यायच्या. मी बायबल वाचून दाखवायचो आणि मग वाचलेल्याचा अर्थ समजावून सांगायचो. दोन तास सहज जायचे. त्या पलंगावर भिंतीला टेकून ऐकत बसायच्या. मधूनच डोळे मिटायच्या, तेव्हा मला वाटायचं, प्रार्थना करताहेत. घरी येऊन बायकोला सांगायचो, आंटी माझी वाटच बघत असतात.

पाचव्या बुधवारी मी त्यांना विचारलं, यंदा उपवासात त्यांनी काय सोडलंय. मी चहा सोडला होता आणि ते सांगायला मला निमित्त हवं होतं.

"दुपारची झोप," त्या म्हणाल्या.

मी कारण विचारलं. त्या घुटमळल्या, पण खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"तू येतोस ना. रात्री गुडघे झोपू देत नाहीत, दुपारीच काय तो डोळा लागतो. पण म्हटलं, याला कुणाची तरी सेवा करायचीय, तर करू दे. चाळीस दिवसांचा तर प्रश्न."

आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला मान वर करता येईना. इतके आठवडे मी एका आजारी बाईची झोप मोडत होतो, आणि ती माझ्यासाठी तीच झोप देवाला वाहत होती.

मग मी विचारलं, तुमचं काही काम करू का. हे मी पहिल्यांदाच विचारत होतो. त्यांनी खिडकीकडे हात केला. ग्रिलमध्ये कबुतरांनी घाण करून ठेवली होती, म्हणून काच कायम बंद. सुनेला दमा, तिला ते साफ करता येत नव्हतं. त्या खोलीत घाम पुसत मी पाच दुपारी बसलो होतो आणि खिडकी बंद का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी सुनेकडून चावी घेऊन गेलो. आंटी झोपल्या होत्या. तोंडाला रुमाल बांधून सगळं खरवडून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं. शेवटी काच उघडली. आंटींनी नुसती कूस बदलली. आणि मी, सांगायला लाज वाटते, बादली जरा आपटून ठेवली. त्यांनी जागं होऊन बघावं म्हणून. मग पुन्हा, आणखी जोरात.

त्या दचकून उठल्या, कोण आहे म्हणून विचारू लागल्या. मी ओळख दिली, खिडकी दाखवली. वारा अंगावर आल्यावर त्यांनी दोनदा आभार मानले. मग भिंतीला टेकून बसल्या.

"हं, वाच आता," त्या म्हणाल्या.