शिंग्रोबाच्या वरचं वळण

सकाळी घरातून निघाल्यावर पहिली दीडशे पावलं धाकलू सायकलवर नसे. सायकल धाकलूवर असे. मधला दांडा उजव्या खांद्यावर, दोन्ही चाकं पुढेमागे अधांतरी, आणि पायाखाली वीतभर रुंदीचा बांध. दोन्ही बाजूंना मालोजीची भातखाचरं. बांध संपे तिथे पोशीर गावाचा रस्ता लागे, आणि रस्त्याला लागूनच मालोजीचं घर होतं. तिथे पोचला की धाकलू सायकल खांद्यावरून न उतरवता डाव्या हाताने घंटी वाजवी. एकदाच, पण लांबवून. मग सायकल खाली ठेवी, टांग मारी आणि जाई.

नऊ वर्षं त्या दोन घरांत एवढंच बोलणं होतं.

धाकलू आणि मालोजी चुलतभाऊ. आज्याच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची खाचरं मालोजीला गेली आणि मागची, ओढ्याकाठची, घरासकट धाकलूला. मधून जुनी पायवाट होती. लहानपणी दोघं तिच्यावरून एकाच काठीने बैल हाकत आले होते. पण मोजणीच्या दिवशी तलाठ्यापुढे मालोजी म्हणाला, "हितनं वाट कंदी नव्हतीच." गावचा पाटील येसाजी शेजारी उभा होता. तो पायाने ढेकूळ फोडत राहिला. त्यानंतर दर वर्षी पेरणीआधी मालोजी फावडं घेऊन तो बांध दोन्हीकडून तासू लागला.

धाकलूची बाजू घेईल असं गावात कुणी नव्हतं, आणि त्यात गावाचा फार दोष नव्हता. येसाजीच्या मुलीच्या लग्नात पंगतीत कुणी सहज विचारलं, जेवण कसं झालंय, तर हा म्हणाला, "आमटी आंबलीय." आमटी आंबलेलीच होती. पण ती सगळ्यांनी गिळली होती. खोटं बोलायला त्याची जीभ वळत नसे, आणि लोक ही गोष्ट त्याच्या दुर्गुणांतच मोजत.

त्यात ही सायकल. नेरळच्या एका रेल्वे गार्डाने पेन्शनीत निघताना विकलेली, लढाईच्या आधीची, इंग्लंडात घडलेली, काळी. धाकलू तिच्यावरून दूध घालत असता, भाजी नेत असता, तर कुणाला काही वाटलं नसतं. तो नुसता जाई. पहाटेच शेतातलं काम आटपून कळंबला जाऊन येई, कर्जतला जाऊन येई, कधी चौकपर्यंत.

"कुठं गेलतास रं?"

"चौकला."

"कशाला?"

"परत याया."

अशा उत्तराने माणसं चिडतात. चाळिशीला आलेला कुणबी, घरात दोन बैल आणि कामाला दोनच माणसं, आणि हा उन्हात वीस-वीस मैल रिकामा फिरून येतो. त्याची बायको भागूबाई विहिरीवर म्हणे, "मला विचारू नका गं. माज्या आदी ती असती तर तिच्याशीच लगीन लागलं असतं त्याचं."

जर्मनीशी चाललेल्या लढाईचं सहावं वर्ष चालू होतं. पौषात खळ्यावर झोडणी चालली होती. धाकलू खळ्याच्या कडेने सायकल ढकलत चालला होता, टायरला भोक पडलं होतं. मालोजीने हातातली पेंढी पाटावर आपटली आणि कुणाकडेही न बघता बोलला, "सपाटीवर कुनीबी फिरंल. बोरघाट चढून दावावा. खाली पाय न टेकता."

माणसं हसली. नऊ वर्षांनी झालेलं बोलणं हे असं, पेंढीशी केलेलं होतं. धाकलूने सायकल उभी केली आणि येसाजीला म्हटलं, "इचार त्याला, चढलो तर काय?"

"चढला तर बांध चार हात रुंद करून देईन," मालोजीही येसाजीलाच म्हणाला. "गाडी जाईल येवडा. आन पाय टेकला, तर वाटेचं नाव जल्मात काढायचं नाय."

"म्या ऐकलं," येसाजी म्हणाला. मोजणीच्या वेळीही त्याने ऐकलं होतं. या वेळी निदान ते तोंडाने सांगितलं.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सहा मैलांचा घाट. त्यातला निम्मा असा, की बैलगाडीला पुढून दोघांनी ओढावं लागतं. धाकलू कुणाला न सांगता एकदा जाऊन आला आणि तिसऱ्या वळणावर उतरला. दम संपला नव्हता. पायडल खालीच जाईना. दुसऱ्या दिवशी तो कर्जतला स्टेशनाजवळ सायकल दुरुस्त करणाऱ्या हरीकडे गेला आणि पैजेचं सगळं सांगितलं.

"मागचं चक्र किती दात्यांचं आहे?" हरीने विचारलं आणि स्वतःच मोजलं. "अठरा. याने घाट चढत नसतात. बावीस दात्यांचं आहे माझ्याकडे, पण लढाई संपेपर्यंत दुसरं येणार नाही. तुला कशाला देऊ?"

"कॅरियर घे. स्टँड घे. चेनवरचं झाकणबी घे."

"मडगार्ड?"

"ती पण घे. वजन नको."

"बावीसचं बसवलंस तर सपाटीवर तुला म्हातारी बाई चालत मागे टाकेल. पाय नुसते गरगर फिरतील, सायकल जागची हलणार नाही."

"म्हाताऱ्यांशी पैज नाय माजी."

हरीने चक्र बसवलं, चेनला दोन कड्या वाढवल्या. मग टायर पाहिले. मागचा झिजून कापडावर आला होता, पुढचा बरा होता. नवा टायर परवान्याशिवाय मिळत नव्हता आणि असल्या कामाला परवाना कोण देणार. धाकलूने बराच वेळ विचार करून बरा टायर मागे घालायला सांगितला. जोर मागच्या चाकावर पडतो. चढावर ते घसरलं तर सगळं गेलं. गुळगुळीत टायर पुढे गेला.

"आणि पाय पायडलला वादीने बांधून घे," हरी म्हणाला. "मुंबईचे शर्यतवाले बांधतात. निसटत नाहीत."

"बांदलेला पाय टेकंल कसा? मंग पैज कसली?"

"तुझा भाऊ इतका विचार करील का?"

"त्यो नाय करनार," धाकलू म्हणाला. "म्हनून तर."

पैजेचा दिवस ठरला तो भिवाजीच्या लॉरीच्या सोयीने. भिवाजी पोशीरचाच. कर्जतहून लोणावळ्याला गवताचे भारे नेई. पेट्रोल मिळत नसल्याने त्याची लॉरी कोळशाच्या धुरावर चाले, मागे भट्टी बांधलेली, आणि घाटात ती माणसाच्या चालीनेच चढे. सायकलच्या मागून नजर ठेवायला तिच्याहून बरी गाडी नव्हती. गवतावर मालोजी, येसाजी आणि पोशीरची पाच-सहा माणसं चढून बसली.

खोपोलीत धाकलूने वहाणा काढून गवतात टाकल्या. त्याला अनवाणीच पायडल नीट कळे. मग कनवटीचा एक आणा काढून त्याने भिवाजीच्या हातात ठेवला.

"शिंग्रोबाला माज्या वाटचा तू ठेव. मला उतरता येनार नाय."

घाटाच्या मध्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट ज्या धनगराने दाखवली त्याचं. त्याला पैसा ठेवल्याशिवाय कुठलीच गाडी पुढे जात नाही.

धाकलू निघाला. पहिला मैल त्याने मुद्दाम हळू काढला. थंडी होती, आणि पुढचं चाक दगडावरून जाताना होणारा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता. दुसऱ्या वळणापासून तो सीटवरून उठला. उजवा पाय, डावा पाय, आणि दोन्हींच्या मधे एक क्षण असा, की सायकल थांबलेलीच असे. त्या क्षणाची त्याला भीती होती. मागून लॉरी धापा टाकत होती आणि गवतावरून मालोजीचा आवाज येत होता.

"बैल जुंप रं धाकलू, बैल."

"डोलतोय बगा, ताडी पेल्यागत."

"आरं पडला, पडला, पड..."

तिसरं वळण गेलं. मागच्या वेळी उतरलेली जागा त्याने पाहिलीही नाही. मालोजीचे टोमणे तुटक होऊ लागले. चौथ्या वळणानंतर ते थांबलेच, आणि ते थांबले हे धाकलूला छातीतल्या ठोक्यांतूनही कळलं.

शिंग्रोबाचं देऊळ त्याने मान खाली घालूनच ओलांडलं. मागे लॉरी थांबली.

"थांबवू नको," मालोजी वरून ओरडला. "पैसा फेक आन चल."

"फेकलेला पैसा देवाला नाय पोचत," भिवाजीने उतरत उतरत सांगितलं. "तुजी पैज तुज्या घरी. माजे ब्रेक ह्याच्या हाती हायेत." त्याने चाकाखाली दगड लावला, हात धुतले, स्वतःचा आणा ठेवला, मग धाकलूचा. थांबलोच आहोत तर भट्टीत कोळसाही घातला. कोळसा पेटून लॉरी चढावर पुन्हा उचलायला पाव तास गेला.

तेवढ्यात धाकलू वळणाआड गेला होता. लॉरीचा आवाज मागे पडला आणि दरी एकाएकी रिकामी वाटली. कुणी शिव्या देत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. इतका मोकळा तो कधीच चढला नव्हता. रस्त्याच्या डागडुजीसाठी आणलेली खडी वळणावर निम्म्या रस्त्यापर्यंत पसरली होती. तो बाहेरच्या अंगाने वळला. मागचं चाक धरून राहिलं. पुढचं, गुळगुळीत टायरचं, हातभर सरकलं. धाकलूचं अंग डावीकडे कललं, आणि त्याने काही ठरवायच्या आत डावा पाय खाली गेला.

दगड गार होता. टाच नाही, नुसता चवडा. एक श्वासही गेला नसेल. पायाने दगडाला रेटलं, सायकल सरळ झाली, आणि तो चढतच राहिला.

खंडाळ्याला मैलाच्या दगडापाशी तो बसून होता तेव्हा लॉरी आली. पोरासारखी उडी मारून भिवाजी उतरला. "मेल्या, चढलास की रं." गवतावरची माणसंही उतरली. धाकलूकडे ती पहिल्यांदाच आमटीची आठवण न ठेवता बघत होती.

मालोजी सगळ्यांत शेवटी उतरला. "म्या बगितलं नाय," तो म्हणाला. "शिंग्रोबापासनं वर कुनीच बगितलं नाय. आन गाडी थांबली कुनाच्या आन्यासाठी? ह्याच्याच. आदीच ठरवलेलं व्हतं ह्यानं."

बोलण्यात तथ्य होतं. येसाजी पुढे आला.

"शपत नको, काय नको," तो म्हणाला. "धाकलू, तू आपल्या तोंडानं सांग. नाय टेकला म्हनलास की बांध तुजा. हितं कुनी तुला खोटं नाय म्हननार."

धाकलूने डावा पाय उचलून उजव्या मांडीवर घेतला आणि चवड्याला लागलेली खडीची भुकटी झाडली. बांध त्याला दिसत होता. चार हात रुंद, कडेला गवत, आणि त्यावरून अंगणापर्यंत गेलेली चाकाची एक रेघ. मग त्याला तलाठ्यापुढे उभा असलेला मालोजी दिसला. तेव्हाही शपथ नव्हती. तोंडानेच सांगितलं होतं.

"टेकला," तो म्हणाला. "डावा. शिंग्रोबाच्या वरच्या वळनावर."

भिवाजीने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. येसाजी खाली बघत राहिला. मालोजी हसायला लागला आणि मधेच थांबला, कारण त्याच्याबरोबर कुणीच हसलं नव्हतं.

लॉरी लोणावळ्याला गेली. धाकलूने ऐनाची एक वाळकी फांदी तोडून सायकलच्या मागे बांधली. उतारावर एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. फांदी फरफटत आली म्हणजे वेग मरतो. धुळीचा लोट मागे सोडत तो घाट उतरला. त्या वळणावर तो थांबला नाही.

घरी भागूबाईने सगळं ऐकून घेतलं. "चार हात बांध," ती म्हणाली, "आन तुला दोन अक्षरं जड झाली." त्या रात्री तिने त्याला भाकरी वाढली, पण कोरडीच.

खरी गंमत पुढे झाली. मालोजी पैज जिंकला होता, पण गावात तिचं कुणी नाव काढीना. काढलं तर धाकलूच्या सहा मैलांचं काढीत. महिनाभरात मालोजी खळ्यावर, पारावर, जिथे सापडेल तिथे सांगू लागला, "टेकलाच नव्हता त्यो. म्या वळखतो त्याला. मला खाली बगायला लावाया खोटं बोलला. पाय टेकंल तर धाकलू कसला?"

हे धाकलूच्या कानावर आलं तेव्हा तो भाताचं बी निवडत होता. तो उठला आणि सायकल न घेता बांधावरून चालत गेला. मालोजीच्या अंगणात त्याने नऊ वर्षांत पाय ठेवला नव्हता.

"टेकला व्हता," तो म्हणाला.

"नव्हता," मालोजी ओट्यावरून म्हणाला.

"पाय कुनाचा?"

"तुजा. म्हनून तर सांगतो."

"मला लबाड म्हनतोस?"

"मंग काय देव म्हनू?"

"टेकला व्हता, मालोजी. दगड गार लागला."

"चल निघ माज्या अंगनातनं."

तो निघाला. बांध त्या पेरणीआधी पुन्हा तासला गेला.

पण त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावरच्या सायकलची घंटी वाजली तेव्हा घरातून आवाज आला, "नव्हता." धाकलूने सायकल खाली ठेवता ठेवता सांगितलं, "व्हता," आणि टांग मारली. तिसऱ्या दिवशीही तेच. लढाई संपली, कर्जतला नवे टायर आले, मुंबईवरचा झेंडा बदलला. रोज सकाळी एक घंटी आणि दोन शब्द चालू राहिले. दोघांपैकी कुणाचाही आवाज कधी मऊ झाला नाही.

एकोणपन्नासच्या लावणीच्या दिवसांत मालोजी हिवतापाने पडला. धाकलू घोटाभर चिखल तुडवत बांधाच्या टोकाला आला, घंटी वाजवली. आतून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा वाजवली. पाऊस सायकलच्या दांड्यावरून त्याच्या मानेत उतरत होता. खांदा बदलून त्याने तिसऱ्यांदा वाजवली आणि उभा राहिला.

बऱ्याच वेळाने घोंगडीखालून, घसा खरवडत, आलं, "नव्हता."

"व्हता," धाकलू म्हणाला. मग त्याने सायकल रस्त्यावर उतरवली.