नानाचं वय

नानाचं वय मी सांगणार नाही.

सकाळपासून विचारणारे कॉल येताहेत. बॅनरवर टाकायला हवं म्हणे. बॅनर लागणार नाही.

ही पोस्टही लिहिणार नव्हते. काल स्मशानात जे झालं त्यामुळे लिहितेय. बायका तिथे जात नाहीत म्हणे. मी गेले. माझा सख्खा मोठा भाऊ होता.

चिता नीट पेटलीही नव्हती. गल्लीतला विजू रिक्षावाला जवळ आला. दोन मुलांचा बाप. डोळे पुसलेले. हातात मोबाईल.

"ताई, नानासनं वय काय व्हतं?"

आणि अंगठा स्क्रीनवर तयार.

चाळीस वर्षं झाली. पानटपरी गेली, मोबाईल आला. प्रश्न तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

ऐंशीच्या दशकात नाना जळगावात डाळमिलमध्ये होता. पिंप्राळ्यात दोन खोल्या. मी धुळ्याला नोकरीला. सुट्टीला एस्टीने यायचे.

टपरीच्या मागे सट्टा चालायचा. संध्याकाळी एक आकडा निघायचा, तो ओपन. रात्री दुसरा, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. जोडी लागली की माणूस राजा.

आकडा कुठूनही शोधायचे. स्वप्नातून. एस्टीच्या नंबरवरून.
आणि कोणी मेलं की त्याच्या वयावरून.

आमचे वडील, आप्पा, बोदवडला वारले. एकाहत्तरचे होते. नानाने तिसऱ्या दिवशी एकाहत्तर लावला.

लागला.

हे फार वाईट झालं. हरला असता तर वाचला असता.

सुतकाच्या घरात पेढे घेऊन आला. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. "आप्पानी दिना. जाता जाता दिना."

मी पुडा उचलून अंगणात भिरकावला. तो एकेक पेढा वेचून धूळ झटकत बसला.

त्यानंतर नानाने एक मयत चुकवलं नाही. ओळख असो नसो, हजर. गल्ली म्हणायची, काय माणुसकी आहे! मलाही लोक थांबवून सांगायचे.

एकदा वहिनीसमोर मी ते कौतुक केलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"खांदा देवाले नही जातस, ताई. आकडा लेवाले जातस."

सोन्यासाठी लोक लांबून जळगावला येतात. माझ्या वहिनीच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेले काळे मणी होते.

आम्ही बायकांनी टपरीवर मोर्चा नेला. फळ्या उचकटल्या. आठवडाभर शांतता. मग नाल्यापलीकडे नवी टपरी, तोच माणूस, त्याच खुर्च्या. चौकीत गेले तर साहेब हसले. "मॅडम, आधी घरचा भाऊ आवरा."

नव्वदनंतर लॉटरीची दुकानं आली. ट्यूबलाइट, पंखा, रंगीत बोर्ड. आता लपायचीही गरज उरली नाही.

मग मिलमधल्या रघुभाऊ हमालाची लेक तापाने गेली. लहान होती.

नाना गेला. सवयीने बापाच्या शेजारी टेकला. सवयीनेच विचारलं, "कितली मोठी व्हती?"

रघुभाऊ स्वतः खेळणारा. त्याला प्रश्न लगेच कळला.

"चार वरीस, सहा महिना," तो म्हणाला. "शेचाळीस लाव, नाना. लागना तर मले सांगजो."

नाना घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी कोणता आकडा आला, हे त्याने कधीच विचारलं नाही.

पण सुटणं इतकं सोपं नव्हतं. ओपन निघायच्या आधीचा तास त्याला खायचा. पाय आपोआप चपलेत जायचे.

"मना हातले काही तरी काम दे," तो वहिनीला म्हणाला.

तिने समोर सूप ठेवलं. मिलमधली न निवडलेली तूरडाळ ओतली. "निवडा."

तो खडे वेचत बसला. आकडा फुटला, गल्लीत आरडाओरडा झाला, तास टळला. उठला तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला.

पुढे रघुभाऊही यायला लागला. मग आणखी काही. ओटा भरायचा. नियम एकच. आल्याबरोबर हातातलं घड्याळ वहिनीकडे जमा. वेळ बघायची नाही. भाषण नाही, शपथ नाही.

बायका खिदळायच्या. "आमना गल्लीमा गडी डाळ निवडतस!"
रघुभाऊ ओरडायचा, "तुमनापेक्षा साफ निवडतस!"

काही परत सट्ट्याकडे गेले. नानाही मधे घसरला. वहिनीने दुसऱ्या दिवशी सूप भरून समोर ठेवलं.

नंतरच्या वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचं वरण या ओट्यावरच्या डाळीचं असायचं.

नानाने एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "मी मरसू तवय मनं वय कोनले सांगू नका. मना आकडा कोनी लावाले नको."

म्हणून सांगणार नाही.

विजूला मी काल तिथेच म्हटलं, "उद्या संध्याकाळी घरी ये. ओपनच्या आधी."

आज आला. दारातच उभा. "ताई, चुकलं. पण सुटत नही."

"नानाचंही सुटत नव्हतं. बस."

वहिनीने पाट सरकवला. रघुभाऊ आधीच येऊन बसला होता. आता हात थरथरतात त्याचे, तरी खडा चुकत नाही.

नाना, तुझी जागा रिकामी ठेवली नाही. जा आता निवांत.

आजची देवघेव लिहून ठेवते.

विजूला दिलं: नानाचं सूप, आणि त्यात निवडायची तूरडाळ.
विजूकडून घेतलं: मोबाईल. तासाभराने परत.
नानाचं वय: मागितलं नाही. दिलं नाही.