मामांच्या बेटाची मालकीण

माझ्या कवयित्री होण्याला मुरगूडच्या मामांचा गूळ जबाबदार आहे.

मामा गुळाचे व्यापारी. कुणा हुशार माणसाच्या सल्ल्याने त्यांनी भलत्याच समुद्रातल्या एका बेटावर कंपनी काढली. बेट त्यांनी पाहिलं नव्हतं. मी मात्र रोज दुपारी कोल्हापुरातल्या ऑफिसात बसून पाहायचे: निळं पाणी, माडांची रांग आणि एका माडाला टांगलेली मामांच्या नावाची पाटी. (माझी नोकरी जायला तेव्हा फार वेळ उरला नव्हता.)

एक दिवस तिथल्या बँकेने कंपनीचं खातं गोठवलं. खरा मालक कोण ते व्हिडिओ कॉलवर सांगा, मगच पैसे हलतील! इकडे गुळाचा कंटेनर बंदरात उन्हात उभा, आणि भाडं मिळाल्याशिवाय जहाजवाले त्याला हात लावेनात. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलं. इथंच चुकलं.

पडद्यावर एक गंभीर मॅडम आल्या. "कंपनीचा खरा मालक कोण?"

मी मामांना विचारलं. त्यांनी हात जोडले. "आंबाबाई. आणि कोण?"

आमच्याकडे दुकान, ट्रक, ऊस सगळं देवीचं. आपण नुसते राखणदार. हंगामातली पहिली ढेप तिच्या पायाशी जाते. मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं.

मॅडम लिहून घेऊ लागल्या. "या बाई कुठे राहतात?"

"कोल्हापुरात. पहिल्यापासून."

"जन्मतारीख?"

"देवीची जन्मतारीख कोण इचारतंय व्हय?" मामा भडकले. हे मी भाषांतरातून गाळलं.

"बरं, कॅमेऱ्यासमोर येतील?"

"त्या जागच्या हलत नाहीत," मी म्हणाले, आणि तिथून माझं विमान सुटलं. म्हटलं, वर्षातल्या काही संध्याकाळी मावळतं ऊनच त्यांना भेटायला येतं. दारामागून दार ओलांडत आत शिरतं, पायांना लागतं, मग हळूहळू वर चढतं, आणि एवढी गर्दी श्वास रोखून उभी असते...

मॅडमचं लिहिणं थांबलं. माझं ऊन अजून कमरेपाशीच होतं, तोच मामांनी ढोसलं. "काय सांगालीस एवढं? गूळ पाघळाय लागलाय की तिकडं!"

मॅडम भानावर आल्या. "नफा शेवटी कुणाच्या हातात जातो, तेवढं सांगा."

मी ते मराठीत विचारलं, तसे मामा स्वयंपाकघराकडे पाहू लागले. तिथलं भाकरी थापणं थांबलं.

"माझ्या," मामी आतून म्हणाली. "सही ह्येंची, पैसा माझ्याकडं. गाडीत तेल घालायचं तरी मला इचारत्यात. सांग त्यास्नी."

मी सांगितलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मामीने पिठाच्या हातांनी आधार कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं आणि बेटावर पारदर्शकता नांदू लागली. पुढे खातं सुटलं, कंटेनरही निघाला. मामा मात्र आपण इतकी वर्षं नोकरीत होतो हे नुकतंच कळल्यासारखे बसून राहिले.

कॉल बंद करताना मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या उत्तरांचा बँकेला काडीचा उपयोग झाला नाही. पण ते ऊन पुढे कुठवर गेलं? तुम्ही लिहिता का?"

असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी हरखून गेले. त्याच संध्याकाळी बसून ते ऊन चेहऱ्यापर्यंत पोचवलं. ती माझी पहिली कविता.

परवा माझा संग्रह निघाला. मामांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्या धंद्याचा खरा मालक कोण गं?"

"अंबाबाई," मी म्हणाले. नफ्याचा प्रश्नच निघत नसल्याने या उत्तराला अजून एकाही बँकेने हरकत घेतलेली नाही!