डबा बघायची सकाळ

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. दर सुट्टीत मी जेद्दाहून नेलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात केशराच्या डबीशेजारी रचून ठेवलेल्या होत्या. बरीचशी खोकी उघडलेलीही नव्हती. दर शुक्रवारी मी फोनवर विचारायची, "गोळ्या घेतेस ना?"

"घेते हो डॉक्टरीणबाई!"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "लेकीनं तिकडून आणलेल्या ना, म्हणून जपून वापरायची. दिवसाआड एक."

जेद्दाला परतले तेव्हा आमच्या मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचा नवा अभ्यासक्रम लिहायचं काम माझ्याकडे आलं. सहा आठवड्यांत सगळं बसवायचं होतं. मी वेळापत्रकाच्या तक्त्यात एक सकाळ घातली: विद्यार्थ्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन गोळ्यांचा डबा बघायचा. मग ती खोडली, पुन्हा घातली.

बैठकीत विभागप्रमुख म्हणाले, "घरी जाऊन काय करतील? कहवा पितील, खजूर खातील. गोळ्या घेता का, हे दवाखान्यातच विचारा की."

"दवाखान्यात सगळे हो म्हणतात."

"कशावरून?"

मी तक्त्यातल्या त्या सकाळीखाली पेनाने रेघ ओढली.

"एक भेट करून दाखवा," ते म्हणाले. "काही निघालं तर ठेवू. नाहीतर खलास."

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या एका आजींकडे, राबिघ गावी, मी एका विद्यार्थिनीला घेऊन गेले. तिने विचारलं. आजी म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह, सगळ्या घेते." मुलीने फॉर्मवर खूण केली आणि पेन बंद केलं. मी मधे बोलायचं नाही, असं ठरलं होतं. पुरे झालं की इथे कप हलवायचा असतो, तेवढंही मला सुचेना. आजी कहवा ओतत राहिल्या, मी पीत राहिले. चौथ्या कपाला ती मुलगीच अवघडून म्हणाली, "आजी, ठेवता कुठे त्या?"

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" हसत आजींनी डबा आणला.

मी तो जवळजवळ ओढूनच घेतला. पाकिटं मोजली, तारखा पाहिल्या, परत मोजली. एकही गोळी जास्त नव्हती. आजी खरंच सगळ्या घेत होत्या. मला बरं वाटायला हवं होतं.

गाडीत मुलीने विचारलं, "डॉक्टर, अहवालात काय लिहू? काही निघालं नाही असं लिहिलं तर ही सकाळ जाईल."

क्षणभर माझ्या मनात खोटं आलं. "जे दिसलं तेच लिही," मी म्हणाले.

तिच्या अहवालाखाली मी स्वतः एक परिच्छेद जोडला. 'कशावरून' असं विचारलं होतंत, म्हणून सांगते, अशी सुरुवात केली आणि आईचा डबा लिहिला. एवढ्या ओळींना दोन दिवस लागले.

विभागप्रमुखांनी तो कागद दोनदा वाचला. ते म्हणाले, "तिसऱ्या आठवड्यात ठेवा."

आता शुक्रवारी फोनच्या वेळेला मी तक्ता उघडते आणि ती सकाळ जागेवर आहे ना, ते बघते. असतेच. तरी बघते.